पाहण्याचा कार्यक्रम, मालेगच्या गाडीत

मुलगी घरात नव्हती, मुलगा येणार नव्हता, तरी शनिवारी सकाळी कांता पाहण्याच्या कार्यक्रमाचे पोहे भिजवत होती. आपल्याकडे मुलगा-मुलगी नसली तर एकवेळ चालतं, पोहे नसून चालत नाही. तिने नारळ खवला, कोथिंबीर निवडली आणि मध्येच हात थांबवून विचार केला, की आपण हे नक्की कोणासाठी करतोय? मग तिने आणखी एक कांदा चिरायला घेतला.

झालं होतं असं. कांताची मुलगी प्रणाली ग्लासगोला शिकत होती. कांतासारखेच मस्कतला, अल् खुवैर भागात राहणाऱ्या दयानंद आणि किशोरीचा मुलगा निशांत एडिनबराला नोकरी करत होता. दोन्ही पोरं मस्कतमध्येच वाढलेली, पण शाळा वेगळ्या, त्यामुळे एकमेकांना ओळखत नव्हती. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत किशोरी कांताच्या मागे उभी राहिली, आणि वरण वाढून घेईपर्यंत दोघींचं अर्धं ठरूनही गेलं. पोरांना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

विचारल्यावर प्रणालीने अट घातली. "आई, मी भेटेन त्याला. पण घरातलं कोणी मध्ये नको. नो व्हिडिओ कॉल, नो फोटो, नो फोन. एक पूर्ण दिवस आम्ही दोघं. ट्रेनने मालेगला जाऊ आणि परत येऊ. समुद्रापर्यंत जाते ती. मग सांगेन."

"ट्रेनच कशाला? गाडी भाड्याने घ्या," कांता म्हणाली. आयुष्याची पंचवीस वर्षं ओमानमध्ये काढलेलं माणूस दुसरं काय सुचवणार? इथे दूध आणायलासुद्धा लोक गाडी काढतात.

"कारमध्ये एकाला रोडकडे बघायला लागतं," प्रणाली म्हणाली. "ट्रेनमध्ये एकमेकांकडे बघता येतं. आणि बोलायला काही नसेल तर विंडो आहे."

हे कांताला मनापासून पटलं. तिच्या स्वतःच्या वेळी खिडकी नव्हती. चिपळूणजवळच्या त्यांच्या घरात ओटीभर माणसं बसली होती आणि मामाने उगाच फुशारकी मारली, की आमची कांता इंग्रजी फाडफाड वाचते. त्यावर मुलाच्या काकांनी काखेतला इंग्रजी पेपर काढून तिच्या हातात दिला. कांताला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. घाम फुटला, अक्षरं हलायला लागली, आणि कोणीतरी खुदकन हसलंसुद्धा. तेव्हा ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या चष्मेवाल्या मुलाने तिच्या हातातून पेपर घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाला, "फार बारीक अक्षरं आहेत. मलाही काही दिसत नाही." इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता तो. चांगलं दिसत होतं त्याला. तो प्रेमानंद. कांताने होकार दिला तो त्या खोट्याला, हे तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

म्हणून तिने प्रणालीला शब्द दिला. फोन करणार नाही. आणि लोकेशनही बघणार नाही. कारण प्रणाली ग्लासगोला गेली तेव्हा विमानतळावर तिने आईच्या फोनमध्ये स्वतःचं लोकेशन कायमचं चालू करून दिलं होतं, ते फक्त अडीअडचणीसाठी. कांता रोज सकाळी चहाबरोबर ते बघायची हा भाग वेगळा. ठिपका होस्टेलवर दिसला की तिचा चहा गोड लागायचा. पण या शनिवारी बघणार नाही असं तिने खरोखर ठरवलं होतं.

ठरवलं होतं ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत टिकलं. मग किशोरीचा फोन आला. "कांताताई, पोरं तिकडे फिरतीन, आपण इकडे काय करायचं? आम्ही येतो ना तुमच्याकडे. मी तर्री करून आणते." किशोरी नागपूरची. होणाऱ्या विहिणीला येऊ नका म्हणायचं कसं? कांता "या ना, या" म्हणाली, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

दुपारच्या आधीच दयानंद आणि किशोरी सीबला कांताच्या घरी पोहोचले. किशोरीच्या हातात तर्रीचं पातेलं, दयानंदच्या हातात हलव्याचा डबा. दयानंद सल्लागार इंजिनियर, कुठल्याही गोष्टीची आधी माहिती काढून ठेवणारा माणूस. त्याने त्या रेल्वेमार्गाचे व्हिडिओ आठवडाभर बघितले होते. प्रेमानंद रुसैलच्या कारखान्यात मेंटेनन्स बघायचा. त्याला माणसं आली की बरं वाटायचं, मग ती कशासाठी का येईनात.

पोह्यांवर तर्री घालावी की खोबरं, यावर थोडी हसतखेळत लढाई झाली. मग किशोरीने पर्समधून फोन काढला आणि टीपॉयवर उभा करून ठेवला. "बघा, निघाली गाडी. हा आमचा निशांत."

नकाशावर एक निळा ठिपका एका लांबट तळ्याच्या कडेने वर सरकत होता.

"तुम्ही बघता?" कांताने विचारलं.

"मंग? मस्कतमध्ये कार चालवायला लागला तेव्हापासून बघते मी. तुम्ही नाही बघत?"

आता हो म्हणावं तर शब्द मोडतो आणि नाही म्हणावं तर खोटं. कांता घुटमळली. पण प्रेमानंदने वेळ दिलाच नाही. "अगं, आपल्याकडे पण आहे की! थांबा, टीव्हीवर लावतो. मोठं दिसेल. यल्ला, चला." त्याने कांताचा फोन उचलून टीव्हीला जोडला. दिवाणखान्याच्या भिंतीवर सबंध स्कॉटलंड पसरलं आणि त्यात प्रणालीचा गुलाबी ठिपका, बरोबर त्याच तळ्याच्या काठावर.

"दोघं शेजारी शेजारी आहेत," किशोरी समाधानाने म्हणाली.

कांताने पोह्यांची बशी खाली ठेवली. आपण आपल्या पोरीलाही ओटीवर आणून बसवलं असं तिला वाटलं. फरक एवढाच, की पोरीला ते माहीत नव्हतं. टीव्ही बंद करा असं म्हणायला तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "चहा टाकू?"

दयानंदला मात्र उत्साह आला होता. "आता डाव्या हाताला तळं, उजवीकडे डोंगर. झाडं आहेत अजून. पुढे झाडं संपतात, मग नुसतं माळरान आणि हरणं." जणू काही तोच गाडी चालवत होता. सगळे टीव्हीकडे बघत पोहे खात होते. कांतासुद्धा बघत होती, तेही खरंच. तिला आत कुठेतरी हेही वाटत होतं, की इतकी शांत, हळू सरकणारी गाडी आहे, तर बोलत असतील दोघं. बोलत असू देत.

मग गाडी एका स्टेशनवर थांबली. क्रियनलारिख. हे नाव चौघांनी चार प्रकारे वाचलं. दोन्ही ठिपके बराच वेळ तिथेच राहिले.

"चहा प्यायला उतरले असतीन," किशोरी म्हणाली.

"थंडीत प्यावाच," प्रेमानंद म्हणाला.

थोड्या वेळाने ठिपके हलले. किशोरीने आपल्या फोनकडे बघितलं, मग टीव्हीकडे, मग परत फोनकडे.

"अहो, हे काय? हा तर डावीकडे चालला."

"आमची सरळ वर जातेय," प्रेमानंद म्हणाला.

"असं कसं? गाडी एकच ना?"

"नकाशा अडकला असेल," दयानंद म्हणाला आणि त्याने किशोरीचा फोन बंद करून पुन्हा चालू केला. फोन चालू झाला तेव्हा निशांतचा ठिपका आणखी डावीकडे गेला होता. प्रणालीचा आणखी वर. दोघांच्या मध्ये डोंगर आला होता.

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"तो इकडे जाऊन राहिला अन् ती तिकडे जाऊन राहिली!" किशोरी उभीच राहिली. "जायचं कुठे होतं?"

"मालेग. ते वर आहे," दयानंद म्हणाला. "हा जातोय ओबनला, डावीकडच्या बंदराला."

"मग आमची बरोबर रस्त्यावर आहे," प्रेमानंद म्हणाला. त्याला काही टोमणा मारायचा नव्हता, तोंडातून आपलं निघून गेलं.

"म्हणजे आमचा चुकीच्या रस्त्यावर?" किशोरीने ते बरोबर पकडलं. "कांताताई, रागावू नका, पण तुमच्या प्रणालीने त्याला काही म्हटलं तर नसेल? जरा तिखट आहे ना ती?"

"म्हटलं तरी गाडीतून उतरून दुसऱ्या गाडीत बसण्याइतकं काय म्हणेल?" कांता म्हणाली खरी, पण मनात चरकली. प्रणालीच्या जिभेला हाड नव्हतं हे ती जाणून होती. मागे एका मुलाला तिने फोनवरच विचारलं होतं, की तुला मी पाहिजे की तुझ्या आईला मी पाहिजे? तो बिचारा दोन दिवस विचार करत होता. पण मग दुसरी भीती तिच्या पाठोपाठ आली. निशांतने काही केलं असेल तर? त्यानेच तिला एकटी टाकली असेल तर? परक्या मुलखात, त्या माळरानावर, एकटी.

"व्हिडिओत असं काही नव्हतं," दयानंद पुन्हा पुन्हा म्हणत होता. "व्हिडिओत गाडी सरळ मालेगला जाते."

एवढ्यात टीव्हीवरचा गुलाबी ठिपका थांबला. सगळीकडे तपकिरी-हिरवं, मध्ये काळी काळी डबकी, आणि त्यात तो ठिपका. गाव नाही, घर नाही. प्रेमानंदने नकाशा मोठा करून बघितला.

"अगं, इथे रस्ताच नाही!"

"काय?"

"रस्ता नाही. एकही नाही. मग ही पोहोचली कशी तिथे?"

रस्ता नाही म्हणजे माणूस पोहोचलंच कसं, ही ओमानची शंका. चौघंही क्षणभर खरोखर घाबरले. मग दयानंदच्या लक्षात आलं, की तिथून रूळ गेलेले आहेत, आणि रुळांना रस्ता लागत नाही. पण ठिपका काही हलेना. फोनला सिग्नल नसेल, दयानंद म्हणाला. नसेलच, प्रेमानंद म्हणाला. दोघांनीही मान हलवली आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काही समजल्याचं दिसेना.

"फोन लावा ना तिला," किशोरी म्हणाली.

कांताने हात चोळले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती. फोन लावायचा आणि विचारायचं काय? तू त्या दलदलीत काय करतेस? तुला कसं कळलं, असं ती विचारणार. आणि ते एकदा कळलं, की पुढे ती आईला काहीही सांगणार नाही, ना या मुलाबद्दल, ना दुसऱ्या कशाबद्दल. हातातली एकुलती एक पोर अशी लांब गेली, तर नकाशावर रोज ठिपका दिसून तरी काय उपयोग?

"आधी तुम्ही लावा," ती म्हणाली.

किशोरीने लावला. स्पीकरवर टाकला. बऱ्याच वेळाने निशांतने उचलला.

"हां मम्मी. एकदम मस्त चाललंय."

"कुठे आहेस?"

"ट्रेनमध्ये." मागे कुठलेतरी पक्षी कर्कश ओरडत होते.

"ट्रेनमध्ये पक्षी?"

"विंडो ओपन आहे."

"प्रणाली कुठे आहे?"

"आहे ना. बाजूलाच."

"दे तिला."

"मम्मी, ती... विंडोमधून बघतेय. म्हणजे झोपलीये."

"बघून राहिली का झोपून राहिली?"

"आधी बघत होती. मग झोपली. ओके बाय मम्मी, टनेल आलं."

किशोरी फोन हातात धरून तशीच बसली. तिच्या फोनवर निशांतचा ठिपका ओबनच्या धक्क्यावर होता. समोर समुद्र होता. बोगदा कुठे दिसत नव्हता.

"खोटं बोलला," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "माझ्याशी कधी खोटं नाही बोलत तो."

कांताला तिची दया आली. मघापासून राग येत होता तो थोडा उतरला. पण किशोरी लगेच सावरली. "आता तुम्ही लावा. बघू ती काय म्हणते."

टीव्हीवर गुलाबी ठिपका आता मालेगच्या वाटेवरच्या फोर्ट विल्यमला उगवला होता. म्हणजे दलदलीतून सुटली पोरगी. कांताने सुटकेचा श्वास टाकला, आणि तिघांचे डोळे आपल्यावर खिळलेले बघून नंबर लावला. प्रेमानंदने स्पीकर चालू केला. कांताने त्याच्याकडे असं बघितलं, की त्याने बोट मागे घेतलं. पण स्पीकर चालूच राहिला.

"आई? तू प्रॉमिस केलं होतंस फोन नाही करणार."

"हो गं. चुकून लागला. पर्समध्ये दबला असेल."

"ओके."

"बरी आहेस ना?"

"हो."

"निशांत?"

"आहे ना. चहा आणायला गेलाय."

समोर बसलेली किशोरी हातवारे करायला लागली. विचारा, विचारा. तिने स्वतःचा फोन उचलून ओबनवर बोट ठेवलं. दयानंद जमिनीकडे बघत होता. कांताने टीव्हीवरच्या त्या एकट्या ठिपक्याकडे बघितलं. खोटं बोलते आहेस तू, हे चार शब्द तोंडाशी आले होते. एकदा विचारलं की सगळा गोंधळ मिटला असता. पण तिच्या हातात कोणीतरी पुन्हा तो इंग्रजी पेपर दिला आहे, फक्त या वेळी ती काकांच्या जागी बसली आहे, असं तिला झालं.

"स्वेटर घातलास ना?" तिने विचारलं.

"घातलाय."

"बरं. जपून जा." आणि तिने फोन ठेवला.

"विचारलं का नाही?" किशोरी भडकली. "सगळं समोर दिसून राहिलं अन् तुम्ही स्वेटर विचारता!"

"कारण मी बघत नाहीये," कांता म्हणाली.

"काय?"

"मी तिला सांगितलंय, की मी बघणार नाही. मग मला कसं माहीत असणार?" ती उठली आणि तिने टीव्ही बंद केला. स्कॉटलंड गेलं. काळ्या काचेत चौघंही दिसायला लागले, तिघांच्या मांडीवर पोह्यांच्या बशा.

दयानंदने घसा साफ केला. "एक गोष्ट आहे. दोघं भांडले असते, तर दोघांनी वेगवेगळं सांगितलं असतं. हे तर एकच सांगतात. म्हणजे आधी दोघांचं बोलणं झालंय."

"आम्ही शेजारी आहोत असं सांगायचं, हे ठरलंय," प्रेमानंद म्हणाला. "खोटं बोलण्यावर तरी एकमत झालं म्हणायचं."

"नकार देण्यावरही एकमत होते," किशोरी म्हणाली. "तू घरी असं सांग, मी असं सांगतो, अन् खलास. आजकालची पोरं अशीच."

तेही खरं होतं. जमलं म्हणावं तर दोघांत डोंगर, मोडलं म्हणावं तर दोघं एकमेकांची पाठराखण करतायत. चौघांनी ते आडवं-उभं करून पाहिलं आणि कुठूनही बघितलं तरी त्याचा अर्थ लागेना. जेवण झालं, चहा झाला, हलवा झाला. ऊन उतरल्यावर किशोरी उठली. जाताना तिने तर्रीचं पातेलं नेलं नाही. परत यायला कारण ठेवलं, का रागात विसरली, हेही कांताला कळलं नाही.

संध्याकाळची मगरिबची बांग होऊन गेली होती. प्रेमानंद खुबूसच्या रोट्या आणायला खाली गेला होता. कांता एकटीच बशा धूत होती, तेव्हा प्रणालीचा फोन आला.

"आई, मी मालेगला आहे. ट्रेन निघतेय आता परत. एक सांगायचं होतं. दुपारी मी तुला खोटं बोलले. निशांत माझ्याजवळ नव्हता."

कांताने नळ बंद केला. चोराच्या मनात चांदणं, तसं तिने आधी दाराकडे बघितलं. अगं बाई, मग कुठे होता, असं विचारता आलं असतं. प्रणालीला काही कळलं नसतं. एवढं सोपं होतं ते.

"मला माहीत आहे," कांता म्हणाली.

"कसं?"

"मी बघत होते."

पलीकडे नुसता वारा ऐकू आला.

"मी एकटीच नाही," कांता म्हणाली. सांगायचंच तर सगळं सांगावं. "पप्पा होते. निशांतचे आई-बाबा पण होते. सगळे बसून बघत होतो. टीव्हीवर."

"टीव्हीवर," प्रणाली म्हणाली.

"हो."

"पोहे केले होतेस?"

"केले होते."

प्रणाली हसली नाही. "मला वाटलं होतं तू नाही बघणार," ती हळू म्हणाली. "बाकी सगळे बघतील. तू नाही."

कांताला त्याचं फार वाईट वाटलं. पोरीचा भरवसा, एवढी एकच गोष्ट आपल्यापाशी होती आणि ती आपण होऊन चव्हाट्यावर मांडली. ओला हात तिने पदराला पुसला, परत पुसला. "चुकलं माझं," ती म्हणाली. "त्यांना नाही म्हणता आलं नाही मला."

"मग फोनवर का नाही बोललीस? तुला कळलं होतं मी खोटं बोलते."

"सगळ्यांसमोर तुला पकडायचं नव्हतं," कांता म्हणाली. "मला एकदा पकडलं होतं. फार वाईट असतं गं ते."

मग तिनेच सांगायला सुरुवात केली, अडखळत, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत. त्या क्रियनलारिखला गाडी बराच वेळ थांबते. निशांत म्हणाला, तुला चहा आणतो. मस्कतच्या मुलाला चहा म्हणजे काय, हॉर्न वाजवला की कप गाडीपाशी येतो. आयुष्यात तो कधी दोन-चार वेळा रेल्वेत बसला असेल. तो उतरला, दोन कप घेतले आणि शिट्टी झाल्यावर जे दार जवळ होतं त्यात चढला. पण तिथे गाडीचे दोन तुकडे करतात. अर्धी ओबनला, अर्धी मालेगला. अनाउन्समेंट झाली होती, ती चहाच्या रांगेत कोण ऐकतो? गाडी सुटली तेव्हा तो दोन कप हातात धरून दुसऱ्या गाडीच्या काचेत उभा होता आणि प्रणालीकडे बघत होता.

"मग?" कांताने विचारलं.

"मग त्याचा फोन आला. म्हणाला, सॉरी, चूक माझी. घरी सांगू नको, मम्मी टेन्शन घेईल. मी म्हटलं, माझी आई पण." आता प्रणालीच्या आवाजात थोडं हसू आलं. "आम्ही दिवसभर फोनवर बोललो, आई. सिग्नल जायचा, मग परत यायचा. तो सांगायचा त्याला काय दिसतंय, मी सांगायचे मला काय दिसतंय. मला हरणं दिसली. ट्रेनच्या एकदम जवळ, हललीसुद्धा नाहीत. एवढं मोठं ग्राउंड आणि एक पण घर नाही. पाणी काळं, कोऱ्या चहासारखं. त्याला तिकडे फक्त सीगल. ते त्याचं सँडविच घेऊन गेले."

ते पक्षी. कांताला आठवलं.

"त्याने दोन्ही चहा प्यायले?" तिने विचारलं.

"नाही. एक प्यायला. माझा तसाच ठेवला होता म्हणे, ओबनपर्यंत. थंड झाला."

कांताला पुढचं विचारायचं नव्हतं. जिभेला आवर घालायचं तिने ठरवलं, आणि विचारलं, "मग काय ठरलं?"

"आई!"

"नको सांगू. राहू दे."

"संध्याकाळी त्या दोन ट्रेन परत तिथेच जोडतात," प्रणाली म्हणाली. "त्याच स्टेशनला. अर्धी त्याची, अर्धी माझी. मग एक ट्रेन होऊन ग्लासगोला येते. तिथे भेटू आम्ही. भेटल्यावर बघू." मागे शिट्टी झाली. "आणि आई..."

"काय गं?"

"काही नाही. ठेवते."

कांता फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. मग, सवय वाईट, तिने नकाशा उघडला. गुलाबी ठिपका समुद्राच्या काठावरून हलला होता आणि हळूहळू आत, डोंगरांकडे निघाला होता. ती बघत असतानाच तो विझला. नकाशा होता, डोंगर होते, रूळ होते. वर एक ओळ आली, की या व्यक्तीने लोकेशन देणं थांबवलं आहे.

शिक्षा आहे ही, तिला वाटलं, आणि ती आपल्याला मिळायलाच हवी होती. उद्या सकाळचा चहा आता कशाबरोबर घ्यायचा? ती स्टुलावर बसली तोच फोन वाजला. किशोरी.

"कांताताई, अहो, निशांत गायब झाला! आत्ता होता, अन् आत्ता नाही! मी लावून राहिली तर उचलत नाही. तुमची दिसते का?"

"नाही," कांता म्हणाली. "आत्ताच गेली."

"आत्ताच? म्हणजे दोघं एकदमच?"

"एकदमच."

"मंग याचा अर्थ काय समजायचा आपण?"

एक ओबनला, एक मालेगच्या गाडीत, आणि बोट दोघांचं एकाच वेळी एकाच बटणावर. कांताच्या डोळ्यांत पाणी आलं आणि का आलं ते तिला धड सांगता आलं नसतं. पोर हातातून सुटल्याचं होतं, की त्या दोन गाड्या जोडताना कोणी बघणार नाही याचं होतं?

"तुम्ही जेवून घ्या किशोरीताई," ती म्हणाली. "पातेलं राहिलंय तुमचं. घेऊन जायला या."

प्रेमानंद खुबूसची पिशवी घेऊन आत आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्याने तिच्याकडे बघितलं, बंद टीव्हीकडे बघितलं. "काय झालं? कुठे पोहोचली?"

कांताने फोन त्याच्या हातात दिला. त्याने चष्मा नीट केला, ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग कांताच्या डोळ्यांकडे बघितलं आणि फोन अगदी नाकाजवळ नेला.

"फार बारीक अक्षरं आहेत," तो म्हणाला. "मलाही काही दिसत नाही."

आणि त्याने फोन पालथा ठेवून दिला.